अर्थसंकल्प वर्षाच्या मध्यावर बदलतो तेव्हा : सन २०२०-२१ मधील महाराष्ट्राच्या जमाखर्चाचा एक अभ्यास

सन २०२० च्या मे महिन्यातली गोष्ट आहे. महाविद्यालय बंद होते. वर्ग भरत नव्हते. मी दौंडला माझ्या घरात बसून मोबाईलवर 'सार्वजनिक वित्त' हा विषय शिकवीत होतो. भीमेकाठच्या गावांतील काही मुले झाडाखाली, तर काही घराच्या गच्चीवर बसून ऐकत. आवाज मध्येच तुटे, पुन्हा जोडला जाई. अशाच एका तासाला शिरूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, सरकारनं सदुसष्ट टक्के खर्च कमी केला म्हणतात. माझे वडील गवंडी आहेत. शाळेच्या खोल्यांचं काम चाललं होतं ते थांबलंय. त्या सदुसष्ट टक्क्यांत माझे वडील बसतात का?"

त्या दिवशी मी तिला पुस्तकातले उत्तर दिले. तूट म्हणजे काय, भांडवली खर्च म्हणजे काय, हे सांगितले. तिने "बरं सर" म्हटले आणि तास संपला. पण माझे मलाच ते उत्तर पुरेसे वाटले नाही. नंतर त्या वर्षीचे आकडे, शासन निर्णय आणि विधिमंडळातील पुरवणी मागण्या यांचा जमेल तसा अभ्यास केला. त्या अभ्यासातून हाती आले ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे. अर्थशास्त्र हा ज्यांचा विषय नाही अशा विद्यार्थ्यांनाही तो समजावा म्हणून शक्यतो साध्या भाषेत लिहितो.

अर्थसंकल्प म्हणजे काय आणि काय नव्हे

आपल्या राज्यघटनेत 'अर्थसंकल्प' असा शब्द नाही. अनुच्छेद २०२ मध्ये 'वार्षिक वित्तविषयक विवरणपत्र' असे म्हटले आहे. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात राज्याच्या तिजोरीत किती पैसा येईल व किती जाईल याचा हा अंदाज असतो. अंदाज हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. वर्ष सुरू होण्याआधीच तो बांधलेला असतो. पेरणीपूर्वी शेतकरी यंदा ऊस किती टन निघेल, कारखाना भाव काय देईल, याचा जो आडाखा बांधतो, त्याच जातीचा हा आडाखा आहे.

यातील खर्चाच्या बाजूला विधानसभेची मंजुरी लागते. अनुदानाच्या मागण्या मंजूर होतात आणि नंतर विनियोजन विधेयक संमत होते. त्यानंतरच राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येतो. लोकप्रतिनिधींच्या संमतीवाचून सरकारने एक रुपयाही खर्च करू नये, हे संसदीय लोकशाहीचे मूळ तत्त्व यामागे आहे.

येथे एक मुद्दा विद्यार्थी नेहमी विसरतात. विधानसभेची मंजुरी ही खर्चाची कमाल मर्यादा असते. तेवढा खर्च केलाच पाहिजे असे बंधन नसते. एखाद्या खात्याला शंभर रुपये मंजूर झाले तर ते खाते एकशे एक रुपये खर्च करू शकत नाही. पण साठच खर्च केले तर कायदा मोडला जात नाही. म्हणजेच वर्षाच्या मध्यावर खर्च वाढवायचा असेल तर सरकारला पुन्हा विधिमंडळापुढे जावे लागते, आणि कमी करायचा असेल तर वित्त विभागाचा एक आदेश पुरतो. २०२०-२१ या वर्षात जे घडले ते समजण्यासाठी हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

६ मार्च २०२० चा अंदाज

तत्कालीन अर्थमंत्री श्री. अजित पवार यांनी ६ मार्च २०२० रोजी विधानसभेत २०२०-२१ चा अर्थसंकल्प मांडला. महसुली जमा ३ लाख ४७ हजार ४५७ कोटी रुपये आणि महसुली खर्च ३ लाख ५६ हजार ९६८ कोटी रुपये धरलेला होता. जमेपेक्षा खर्च ९ हजार ५११ कोटींनी जास्त होता, म्हणजे तेवढी महसुली तूट होती. आपल्या राज्याच्या आकारमानाच्या दृष्टीने ही तूट फार मोठी म्हणता येत नव्हती.

त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी, ९ मार्च रोजी, पुण्यात करोनाचे पहिले रुग्ण आढळले. १३ मार्चला राज्य शासनाने १८९७ चा साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला. हा कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या काळात झालेला. सव्वाशे वर्षांनी त्याच पुण्यासाठी तो पुन्हा उघडावा लागला. १४ मार्चला विधिमंडळाचे अधिवेशन आटोपते घेण्यात आले आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. १ एप्रिलला नवे आर्थिक वर्ष सुरू झाले, तेव्हा ज्या परिस्थितीसाठी अर्थसंकल्प बांधला होता ती परिस्थितीच उरलेली नव्हती.

जमेची बाजू कशी कोसळली

सरकारचा पैसा कोठून येतो हे दौंडसारख्या गावात चांगले दिसते. आमचे गाव रेल्वेचे जंक्शन. एरवी रात्रंदिवस गाड्यांची ये-जा, फलाटावरचे चहावाले, स्टेशनबाहेरच्या रिक्षा, खानावळी, लॉज. जवळच कुरकुंभची औद्योगिक वसाहत. शिरूर तालुक्यात रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर हा कारखान्यांचा पट्टा. एप्रिल २०२० मध्ये यातील बहुतेक सर्व थांबले होते. फलाटावर फक्त मालगाड्या आणि कुत्री दिसत.

माणूस काही विकत घेतो तेव्हा वस्तू व सेवा कर भरतो. गाडीत डिझेल भरतो तेव्हा मूल्यवर्धित कर भरतो. जमीन वा सदनिका घेतो तेव्हा मुद्रांक शुल्क भरतो. मद्यावर उत्पादन शुल्क असते. राज्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचे हे मुख्य झरे आहेत, आणि ते सारे देवघेवीवर अवलंबून आहेत. देवघेव थांबली की झरा आटतो. उत्पन्नावरील कराचे तसे नसते. तो आधीच्या कमाईवर असतो आणि मुख्यतः केंद्राकडे जातो. म्हणून टाळेबंदीचा पहिला आणि थेट फटका राज्यांच्या तिजोरीला बसला.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला तेव्हा राज्यांना एक हमी दिलेली होती. २०१५-१६ हे आधारवर्ष धरून दरवर्षी १४ टक्के वाढीइतके उत्पन्न मिळाले नाही तर पाच वर्षे केंद्र भरपाई देईल, अशी ती हमी होती. महामारीच्या वर्षात भरपाईसाठी लावलेल्या उपकराचेच उत्पन्न घटले. तेव्हा भरपाई द्यायची कशातून, हा प्रश्न उभा राहिला. बऱ्याच वादानंतर केंद्राने १ लाख १० हजार कोटी रुपयांचे कर्ज काढून ते राज्यांना देण्याचा मार्ग स्वीकारला.

राज्यानेही आपल्या परीने जमेची बाजू सावरण्याचे उपाय केले. १ जूनपासून पेट्रोल व डिझेलवर लिटरमागे २ रुपयांनी कर वाढविला. उलट मुद्रांक शुल्कात मात्र १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळासाठी ३ टक्क्यांनी आणि त्यानंतर मार्चअखेरपर्यंत २ टक्क्यांनी घट केली. एकीकडे कर वाढविणे आणि दुसरीकडे घटविणे हे वरवर पाहता विसंगत वाटेल. पण डिझेल हे लागतेच. दर वाढला तरी ट्रॅक्टरवाला ते भरतो. घर घेणे मात्र पुढे ढकलता येते. तेथे दर कमी केला तर थांबलेले व्यवहार सुरू होतात. कराचा दर आणि कराचे उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकातले वाक्य त्या वर्षी प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

४ मे २०२० चा शासन निर्णय

खर्चाच्या बाजूची पहिली हालचाल मार्चअखेरीसच झाली. मार्चचे वेतन दोन टप्प्यांत देण्याचे शासनाने ठरविले. लोकप्रतिनिधींना पहिल्या टप्प्यात ४० टक्के, 'अ' आणि 'ब' वर्गाच्या कर्मचाऱ्यांना ५० टक्के, 'क' वर्गाला ७५ टक्के आणि 'ड' वर्गाला पूर्ण वेतन असे त्याचे स्वरूप होते. वर चढत जाल तसा वाटा कमी, हे तत्त्व त्यात होते. पुढे एप्रिलमध्ये आमदारांच्या वेतनात एक वर्षासाठी ३० टक्के कपात करण्याचाही निर्णय झाला.

परंतु खरा मोठा बदल ४ मे २०२० च्या वित्त विभागाच्या शासन निर्णयाने झाला. विकासाच्या योजनांवरील तरतुदीपैकी केवळ ३३ टक्के निधी उपलब्ध होईल, असे त्यात ठरविण्यात आले. ज्या योजनेला ९० रुपये होते तिला ३० रुपये मिळणार. नवीन योजना सुरू करू नयेत, नवीन बांधकामे हाती घेऊ नयेत, फर्निचर, संगणक यांसारखी खरेदी करू नये, परिसंवाद व कार्यशाळांवर खर्च करू नये, बदल्या करू नयेत आणि नवीन नोकरभरती करू नये, असे निर्बंध घालण्यात आले. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा, मदत व पुनर्वसन ही खाती प्राधान्याची मानली गेली.

संकटात एवढी घाई का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, राज्य सरकारला नोटा छापता येत नाहीत. कर्ज काढायचे तरी केंद्राने घालून दिलेल्या मर्यादेत. ती मर्यादा राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या ३ टक्के होती. मे महिन्याच्या मध्यास केंद्राने ती त्या वर्षापुरती ५ टक्क्यांपर्यंत वाढविली, पण वाढीव कर्जाच्या बऱ्याच भागाला अटी जोडलेल्या होत्या. जर्मनीसारख्या देशाने मार्च २०२० मध्येच कर्जावरील घटनात्मक बंधन तात्पुरते बाजूला ठेवून १५६ अब्ज युरोचा पुरवणी अर्थसंकल्प मंजूर केला होता. आपल्या देशातील घटक राज्याला तशी मुभा नसते. हात आखडणे हाच त्याच्या हातातला पहिला उपाय राहतो.

कपात नेमकी कोणावर पडते

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो. सदुसष्ट टक्के हा आकडा ऐकला की सरकारचा दोन तृतीयांश खर्च थांबला असे वाटते. तसे नव्हते. सरकारच्या खर्चाचा फार मोठा भाग वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज यांत जातो. हा खर्च बांधलेला असतो. व्याज तर 'भारित' खर्चात मोडते. त्यावर विधानसभेत मतदानही होत नाही. वेतन दोन टप्प्यांत देता येते, पण द्यावे लागतेच. तेव्हा कात्री फिरवायला उरतो तो विकासकामांचा भाग. रस्ता, बंधारा, शाळेची खोली, आरोग्य उपकेंद्राची इमारत, वसतिगृह ही कामे पुढे ढकलता येतात. न बांधलेला रस्ता मोर्चा काढीत नाही.

पण त्या रस्त्यावर आणि त्या खोलीवर कोणी तरी काम करणार असतो. गवंडी, बिगारी, खडी वाहणारा ट्रॅक्टरवाला, सेंटरिंगचे काम करणारी पोरे, सिमेंटचा दुकानदार या साऱ्यांचे नाव अर्थसंकल्पाच्या कोणत्याही पुस्तकात नसते. ते शासनाचे कर्मचारी नाहीत, म्हणून त्यांना दोन टप्प्यांत वेतन मिळण्याचाही प्रश्न येत नाही. काम थांबले की त्यांची मजुरी त्याच दिवशी थांबते. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर 'होय' असे आहे. तिचे वडील त्या सदुसष्ट टक्क्यांत बसत होते, आणि ते अगदी पहिल्या रांगेत होते.

नोकरभरतीच्या बंदीचेही तसेच. आमच्या महाविद्यालयातील कितीतरी मुले पहाटे मैदानावर धावतात. राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट दौंडलाच असल्याने खाकी वर्दीचे आकर्षण या भागात जुनेच आहे. त्याच दलाचे जवान त्या उन्हाळ्यात बंदोबस्ताहून परत आल्यावर करोनाबाधित निघाले आणि सारे गाव धास्तावले. तरी मुले धावायची थांबली नाहीत. भरती एक वर्ष थांबणे म्हणजे सरकारच्या दृष्टीने वेतनातील बचत. वयोमर्यादेच्या काठावर असलेल्या मुलाच्या दृष्टीने मात्र ती उभ्या आयुष्याची गोष्ट. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे साडेबारा हजार पोलीस शिपायांची पदे भरण्यास मान्यता दिली, म्हणजे या निर्बंधाला अपवाद केला. तो अपवाद करावासा वाटला, यातच प्रश्नाचे गांभीर्य दिसते.

शेतकऱ्यांच्या बाबतीत एक उदाहरण पुरे. नियमित कर्जफेड करणाऱ्यांना ५० हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन देण्याची घोषणा मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात होती. आमच्या ऊसपट्ट्यात अशा शेतकऱ्यांची संख्या बरीच, कारण सोसायटीचे कर्ज उसाच्या बिलातून परस्पर वळते होते. ही रक्कम प्रत्यक्ष खात्यावर जमा होऊ लागली ती २०२२ मध्ये. घोषणा रद्द झाली नाही, फक्त पुढे गेली. मधल्या काळात ज्याने मुलीचे लग्न केले वा विहिरीची मोटार दुरुस्त केली, त्याने त्यासाठी दुसरीकडून उसने घेतले असणार.

वाढीव खर्च आणि पुरवणी मागण्या

येथपर्यंत कपातीची बाजू झाली. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्याच वर्षात काही खर्च वाढविल्यावाचून गत्यंतर नव्हते. रुग्णालयांत खाटा, प्राणवायू, औषधे, तपासणीची यंत्रे यांवर पैसा लागला. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत मिळणारी शिवभोजन थाळी मार्चअखेरीस पाच रुपयांना करण्यात आली. आशा स्वयंसेविकांच्या मोबदल्यात १ जुलैपासून दरमहा २ हजार रुपयांची आणि गटप्रवर्तकांच्या मोबदल्यात ३ हजार रुपयांची वाढ झाली. त्या बायका घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी मोजत होत्या, तेव्हा आपण दारे लावून बसलो होतो, हे विसरता येणार नाही.

त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. ऑक्टोबरच्या मध्यास अतिवृष्टी झाली, आणि दौंड व इंदापूर तालुक्यांत उभी पिके पाण्यात गेली. २३ ऑक्टोबर २०२० रोजी राज्य शासनाने १० हजार कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. जिरायत व बागायत पिकांना हेक्टरी १० हजार आणि फळबागांना हेक्टरी २५ हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असे त्याचे स्वरूप होते. महामारी आली म्हणून इतर संकटे रजेवर जात नाहीत.

असा वाढीव खर्च करायचा तर अनुच्छेद २०५ प्रमाणे पुरवणी मागण्या मांडाव्या लागतात. अधिवेशन नसेल आणि निकड असेल तर आकस्मिकता निधीतून पैसा उचलता येतो. पण तोही पुढे विधिमंडळाच्या मंजुरीने भरून काढावा लागतो. २०२० चे पावसाळी अधिवेशन ७ व ८ सप्टेंबर असे दोनच दिवस झाले. त्यात सुमारे २९ हजार कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडण्यात आल्या. हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत १४ व १५ डिसेंबरला झाले, आणि त्यात सुमारे २२ हजार कोटींच्या मागण्या आल्या. दोन्ही मिळून ही रक्कम ५१ हजार कोटींच्या आसपास जाते.

येथे विद्यार्थी गोंधळतात. एकीकडे पैसा नाही म्हणून कपात, आणि दुसरीकडे ५१ हजार कोटींच्या जादा मागण्या, हे कसे? याचे उत्तर असे की पुरवणी मागणी ही खर्च करण्याची परवानगी असते. तिच्याबरोबर तिजोरीत पैसा येत नाही. एका शीर्षाखाली वाचलेली रक्कम दुसऱ्या खात्याकडे न्यायची असेल, केंद्राकडून एखाद्या योजनेचा हिस्सा आला असेल, किंवा केवळ हिशेबी समायोजन असेल, तरी मागणी मांडावी लागते. तेव्हा तिची एकूण रक्कम पाहून सरकारने तेवढा खर्च वाढविला असा अर्थ काढणे चूक ठरते.

परंतु एक गोष्ट खटकते, ती नमूद करणे मला भाग आहे. एवढ्या मोठ्या रकमांची चर्चा दोन-दोन दिवसांच्या अधिवेशनांत झाली. साथीच्या काळात मोठे अधिवेशन घेणे कठीण होते, हे मान्य. आणि कपातीचा निर्णय तर मुळात चर्चेला आलाच नव्हता, कारण तशी कायद्याची आवश्यकता नाही. शाळेची खोली थांबवावी की दुसरे काही, यावर आमच्या आमदारांना बोलण्याची संधी निर्णयानंतर मिळाली, आधी नव्हे. माझ्या मते वर्षाच्या मध्यावर ठरावीक प्रमाणापेक्षा मोठी कपात झाल्यास तिचे विवरणपत्र पुढच्या अधिवेशनात मांडण्याचे बंधन असावे. खर्च वाढविताना जी संमती लागते तिचा थोडा अंश तरी खर्च घटविताना लागावा.

तीन आकड्यांचा हिशेब

८ मार्च २०२१ रोजी पुढील वर्षाचा अर्थसंकल्प मांडला गेला, तेव्हा २०२०-२१ चे सुधारित अंदाजही प्रसिद्ध झाले. ते असे : महसुली जमा २ लाख ८९ हजार ४९८ कोटी, महसुली खर्च ३ लाख ३५ हजार ६७५ कोटी, आणि तूट ४६ हजार १७७ कोटी.

आता हे मूळ अंदाजाशेजारी ठेवून पाहू. जमा ५७ हजार ९५९ कोटींनी, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांनी घटली. खर्च २१ हजार २९३ कोटींनी, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांनी घटला. या दोहोंतील फरक ३६ हजार ६६६ कोटी. तेवढ्यानेच तूट वाढली आणि ९ हजार ५११ वरून ४६ हजार १७७ कोटींवर गेली. वहीत मांडून पाहावे. हिशेब रुपयाला रुपया जुळतो.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ६७ टक्के कपातीचा एवढा गाजावाजा झाला तरी एकूण महसुली खर्च ६ टक्क्यांनीच कमी झाला. खर्चाचा केवढा भाग बांधलेला आहे आणि आरोग्य, अन्न, मदत यांवर किती वाढला, हे यावरून समजते. दुसरा असा की, जमेत पडलेल्या खड्ड्याचा मोठा भाग कपातीने भरला गेला नाही. तो तुटीच्या रूपाने राहिला, आणि तूट म्हणजे कर्ज. त्या कर्जाचे व्याज आज आपण भरतो आहोत. आणि व्याज हा बांधलेला खर्च असल्याने पुढच्या संकटात कात्री फिरवायला जागा आणखी कमी राहील.

त्या वर्षीच्या राज्याच्या आर्थिक पाहणीत स्थूल उत्पन्न ८ टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. उद्योगात ११.३ टक्के आणि सेवाक्षेत्रात ९ टक्के घट, पण शेती व संलग्न क्षेत्रात मात्र ११.७ टक्के वाढ. शहरांतून परतलेल्या माणसांना गावाने सामावून घेतले, ते या वाढीच्या आधारावर. तथापि शेतीच्या उत्पन्नातून राज्याच्या तिजोरीत कराच्या रूपाने फारसे येत नाही. त्यामुळे शेतीने माणसे तारली तरी अर्थसंकल्प तारला नाही.

घरातील वही

आमचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. चाळीस वर्षे ते रोजचा जमाखर्च वहीत लिहीत आले आहेत. केंद्र शासनाने २३ एप्रिल २०२० रोजी कर्मचारी व निवृत्तिवेतनधारक यांच्या महागाई भत्त्याची वाढ गोठविली. जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन हप्ते थांबले. जुलै २०२१ पासून वाढीव दर लागू झाला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. त्या काळातली त्यांची वही मी अलीकडे पाहिली. घराच्या ओट्याची दुरुस्ती, काशीयात्रा आणि नातीची सायकल या तीन बाबींवर त्यांनी आडवी रेघ मारलेली होती आणि 'औषधे' या बाबीची रक्कम वाढविली होती.

मी म्हणालो, "तुम्हीही सरकारसारखाच खर्च कापलात की."

ते म्हणाले, "कापला खरा. पण सायकल कापायच्या आधी नातीला विचारलं होतं."

दुष्काळाची आठवण आणि समारोप

महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात याहूनही बिकट वर्षे येऊन गेली आहेत. १९७२ चा दुष्काळ दौंड-शिरूरच्या जुन्या माणसांना अजून आठवतो. खडी फोडायला गेलेल्या आयाबायांच्या गोष्टी आम्ही घरात ऐकत वाढलो. त्या संकटात सरकारने दुष्काळी कामे मोठ्या प्रमाणावर काढली. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. श्री. वि. स. पागे यांनी पुढाकार घेतलेल्या रोजगार हमी योजनेला कायद्याचा आधार मिळाला. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. आणि तिच्यासाठी पैसा कोठून येणार हेही ठरविले गेले. १९७५ मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला; पगारदार व व्यावसायिक यांनी भरलेल्या त्या पैशातून खेड्यातील हाताला काम देण्याची सोय झाली. पुढच्या दुष्काळात सरकारला नव्याने शोधाशोध करावी लागली नाही. याच धर्तीवरच्या केंद्रीय योजनेसाठी मे २०२० मध्ये ६१ हजार ५०० कोटींच्या मूळ तरतुदीत ४० हजार कोटींची भर घालता आली, कारण यंत्रणा आधीच उभी होती.

हाच या अभ्यासातील मुख्य धडा आहे असे मला वाटते. संकटाच्या वर्षात अर्थसंकल्प बदलणे अपरिहार्य असते, आणि त्याबद्दल कोणत्याही सरकारला दोष देणे सोपे पण निरुपयोगी आहे. प्रश्न असा आहे की, कपात करताना पहिली कात्री कोणावर चालते आणि संकट सरल्यावर आपण मागे काय ठेवतो. दुष्काळाने आपल्याला रोजगार हमी दिली. महामारीनंतर तशीच एखादी कायमची सोय आपण उभी करावयास हवी. चांगल्या वर्षात थोडी रक्कम वेगळी ठेवून, वाईट वर्षात चालू बांधकामे आणि त्यांवरील मजुरी थांबणार नाही अशी तरतूद करणे अशक्य नाही. निदान अर्धवट बांधलेली शाळेची खोली तरी पूर्ण झाली पाहिजे. अर्धवट खोलीत मुले बसत नाहीत आणि तिच्यावर झालेला खर्चही वाया जातो.

त्या विद्यार्थिनीने मध्ये एक वर्ष शिक्षण सोडले होते. शिक्रापूरजवळच्या एका कंपनीत तिने डबे भरण्याचे काम केले. पुढे ती परत आली आणि बी.ए. झाली. तिच्या वडिलांचे काम पुन्हा सुरू झाले आहे. मध्यंतरी ती भेटली तेव्हा मी तिला म्हटले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता येईल." ती हसून म्हणाली, "सर, ते आम्हाला तेव्हाच ठाऊक होतं. पुस्तकात कुठं लिहिलंय का, एवढंच विचारायचं होतं."

पुस्तकात ते लिहिलेले नाही, म्हणून येथे लिहिले. या अंकाच्या वाचकांनी, विशेषतः अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, मार्च महिन्यात अर्थसंकल्प ऐकावाच. पण त्याचबरोबर डिसेंबरातील पुरवणी मागण्या आणि पुढच्या मार्चमधील सुधारित अंदाजही वाचावेत. आणि आपल्या गावच्या ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक एकदा तरी मागून पाहावे. अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन रकाने शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची सवय लागली, तर आपल्या गावातील कोणते काम कोणत्या वर्षी आणि कशामुळे थांबले, हे ज्याचे त्याला शोधता येईल.